गणपती आळीतल्या काकूंना

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानले की तुम्ही "दळण आणलंस का?" म्हणून विषय मोडता. म्हणून हे लिहून, आणि चारचौघांत.

पाचगणीच्या हॉटेलातली माझी नोकरी सुटली, वर्ध्याला परत जायचं नव्हतं, आणि घाट उतरलं की पहिलं गाव वाई. एवढाच काय तो विचार. नाश्त्याला केलेले माझे तर्री-पोहे गिऱ्हाईक मागून खायचं, त्या जोरावर दुकानासाठी जागा शोधत निघाले. प्रत्येक घरमालक आधी "एकट्याच का?" विचारायचा आणि मग जागा दुसऱ्याला दिलेली असायची. तुम्ही ओट्यावर गवार मोडत बसला होतात. तुम्ही विचारलंत, "तेल कुठलं वापरणार?" आडनाव तुम्ही त्या दिवशी विचारलं नाहीत, नंतरही कधी नाही. आमच्यासारख्यांना ते किती मोठं असतं, ते तुम्हाला ठाऊक असणार.

भाडेकराराची नोंदणी करायचीच, असं तुम्हीच बजावलंत. "कायद्याने ते माझ्या गळ्यात आहे, तुझ्या नाही," म्हणालात. त्याच कागदावर पुढची सगळी कामं झाली. एका एजंटाने परवान्यांचा जो आकडा सांगितला होता, तो ऐकून तुम्ही पदर खोचून मला ई-सेवा केंद्रात नेलंत. बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्याला अन्न नोंदणीची सरकारी फी तेव्हा वर्षाला 100 रुपये होती! आणि दहापेक्षा कमी माणसं कामाला असली की शॉप ॲक्टची, म्हणजे दुकान कायद्याची, तेव्हा नुसती सूचना द्यावी लागायची. एजंटाचं नाव लिहीत नाही. तुम्ही रस्त्यात त्याला जे ऐकवलंत ते पुरे आहे.

धंद्याचं म्हणाल तर माझी तर्री तुम्हीच वाचवलीत. काळ्या चण्यांचा तो रस्सा मी वर्ध्याच्या सवयीने थेट पोह्यांवर ओतायचे. पहिल्या आठवड्यात निम्म्या बशा तशाच परत यायच्या. साताऱ्याकडची माणसं तिखटाला भिणारी नव्हेत, पण सकाळी सातला पोहे भिजून लगदा झालेले कुणाला आवडतील? "वाटीत वेगळी दे. ज्याला जेवढी पाहिजे तेवढी ओतून घेईल." तेव्हापासून बशी रिकामी येते. उधारीबद्दलही तुमचा नियम अजून पाळते: एसटीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांना बिनधास्त द्यायची, "मी कोण माहितीय का" म्हणणाऱ्याला नाही. मेणवलीला शूटिंग आलं आणि युनिटच्या नाश्त्याची ऑर्डर मिळाली, तेव्हा कोथिंबीर निवडायला तुम्ही अर्धी आळी बसवली होतीत.

आता मूळ मुद्दा. त्या ऑर्डरच्या आदल्या रात्री डाळ वाटायचा ग्राइंडर जळाला. तुम्ही वाइंडिंगवाल्याला उठवून आणलंत. त्याने दुकानात मोटार उघडली, जळकी तार कापून काढली, खाचांत नवा कागद बसवला आणि वेढे मोजत तांबं भरायला घेतलं. मोजताना तो बोलत नाही. मी दोनदा चहा विचारला, तर मान न वळवता डावा हात वर केला, म्हणजे थांबा. असला उर्मट माणूस, असं मला वाटलं. वेढे संपल्यावर मात्र तो म्हणाला, "आता द्या, साखर कमी." पहाटे ग्राइंडर फिरला. वॉर्निशचा वास आठवडाभर दुकानात होता, आणि तोही काही ना काही निमित्ताने दुकानात होता.

तुम्हाला सगळं दिसत होतं. आपल्या आळीच्या कृष्णाबाईच्या उत्सवात मांडवाच्या लायटिंगला त्याला आणि पंगतीच्या मठ्ठ्याला मला, दोघांना एकाच कोपऱ्यात कुणी नेमलं, हे मी विचारलेलं नाही.

घरी सांगायची वेळ आली तेव्हा माझे हातपाय गळाले. जात वेगळी, जिल्हा वेगळा, मुलाचं दुकान दहा बाय दहाचं. तुम्ही माझ्याच फोनवरून आईला लावलात. मी शेजारी उभी होते, सगळं ऐकलं. "वहिनी, पोरगा मी बघितलाय. काम सुरू करायच्या आधी प्लग काढतो आणि काम झाल्यावर जागा झाडून जातो. बाकी तुमचं तुम्ही बघा." आई बराच वेळ गप्प होती. मग तिने विचारलं, "जेवतो काय?" तिथेच जमलं.

बाबांना वेळ लागला, अजूनही थोडा लागतोय. पण विशेष विवाह कायद्याची तीस दिवसांची नोटीस लागली होती, त्या महिन्यात बरेच जण तुमच्या ओट्यावर येऊन "काकू, ही कुणाची कोण?" विचारून गेले. तुम्ही सगळ्यांना एकच उत्तर दिलंत: "माझी भाडेकरू आहे. पोहे खाऊन जा." साताऱ्याला सही करायची म्हणून गुडघेदुखीत एसटीने आलात. तीन साक्षीदार लागतात, त्यात पहिली सही तुमची.

काकू, करार पुन्हा संपत आलाय. मागच्या वेळी तुम्ही भाडं वाढवलं नाहीत, तेव्हा मी गप्प बसले, कारण खरंच जमत नव्हतं. आता जमतं. या खेपेला आकडा तुम्ही घाला, नाहीतर आम्ही दोघं मिळून घालू, आणि तो तुम्हाला आवडणार नाही इतका मोठा असेल.

तुमची,
पोहेवाली