चर्चगेटचं गेट नेमकं कुठं होतं

प्रिय मिलिंद,

वीर नरिमन रोडच्या ‘चर्चगेट स्ट्रीट’ या जुन्या नावाचं कोडं सोडवायला निघालास, तर चर्चगेट स्टेशनच्या आसपास चर्च शोधू नकोस. हमखास चूक होते ती इथेच. स्टेशन १८७० चं आणि नाव त्याच्याही आधीचं.

सुरुवात हॉर्निमन सर्कलपासून कर. तिथलं सेंट थॉमस चर्च १७१८ मध्ये खुलं झालं. तेव्हा फोर्टला तटबंदी होती आणि तिला तीन दरवाजे: दक्षिणेला अपोलो, उत्तरेला बाजार, पश्चिमेला चर्च. म्हणजे गेट चर्चचं नव्हतं, चर्चकडे नेणारं होतं. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजासारखंच, फक्त तिथे नाव दूरच्या दिशेवरून पडलं आणि इथे आतल्या ओळखीच्या इमारतीवरून. चर्चपासून या गेटपर्यंतचा आतला रस्ता तो चर्चगेट स्ट्रीट.

१८६० च्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या काळात तट पाडला. गेटच्या जागी १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं. तेव्हा जागा बघायची तर हे फाउंटन आहे त्या हुतात्मा चौकात उभा राहा, स्टेशन तिथून पश्चिमेला चालत दहा मिनिटांवर आहे.

नकाशा बघताना एक सांभाळ. तटाच्या काळातल्या नकाशात आजचा अख्खा रस्ता सापडणार नाही. फाउंटनच्या पश्चिमेला मोकळं मैदान होतं, आणि आज स्टेशन ओलांडून मरीन ड्राइव्हकडे जातो तो तुकडा तर समुद्रच. तिथली जमीन बॅकबेच्या भरावाची, म्हणजे समुद्र बुजवून केलेली, विसाव्या शतकातली. म्हणून नकाशाचं साल आधी वाच, मग रस्ता शोध.

पुढे रस्त्याचं नाव बदललं, स्टेशनचं राहिलं, आणि गेटची आठवण रेल्वेच्या पाटीवर टिकली. पण नवं नावही नुसतं वरून चिकटवलेलं नाही. खुर्शेद फ्रामजी नरिमन १९३५-३६ मध्ये मुंबईचे महापौर होते. त्याआधी, १९२० च्या दशकात, याच बॅकबे भरावातला गैरकारभार त्यांनी चव्हाट्यावर आणला. एका अधिकाऱ्याने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला, त्यातून ते निर्दोष सुटले. त्यांच्या नावाच्या रस्त्याचं पश्चिमेचं टोक त्याच भरावावर आहे. मला तरी या रस्त्याचं हे नाव जुन्याइतकंच चपखल वाटतं.

तुझा,
श्रीकांत