मार्खासाठी अकरा दिवस

पुणे,
रविवार, रात्र

प्रिय सुहास,

तुझं पत्र काल मिळालं. आठ दिवसांच्या रजेत लडाखमधल्या मार्खा खोऱ्याचा ट्रेक बसवायचा म्हणतोस. नाही बसणार रे. अकरा दिवस काढ.

आज आतकरवाडीहून सिंहगड चढलो, पाठीवर बारा किलो. दम लागला नाही. पण सिंहगड जेमतेम 1300 मीटर, आणि विमान आपल्याला थेट 3500 मीटरवरच्या लेहला उतरवणार. पहिल्या खेपेला मी त्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढलो होतो. रात्रभर डोकं फुटायची वेळ आली, पाणीसुद्धा पोटात ठरेना. म्हणून पहिले तीन मुक्काम लेहलाच, निवांत. डायमॉक्सचं, म्हणजे उंचीच्या त्रासावरच्या गोळीचं, तुझ्या डॉक्टरांना आधी विचार.

मग स्किऊ, मार्खा, हांकर. मार्खा ते निमालिंग साधारण हजार मीटरचा चढ आहे. तो एका दमात नको, हांकरनंतर थाचुंगत्सेलाही एक रात्र थांबू. निमालिंगला समोर कांग यात्से दिसेल, 6400 मीटरचा. तिथून पहाटे ‘कोंगमारू ला’ ही खिंड ओलांडायची, 5200 मीटरच्या वर, आणि शांग सुमदोला उतरायचं. एक दिवस हाताशी राखीव.

पाण्याचं मात्र नीट ऐक. आपल्याला गडावरच्या टाक्यांची सवय. सकाळी भरा, दुपारी भरा, पाणी तेवढंच. तिथे वर्षाला जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस. ओढ्यांना येतं ते वितळलेल्या बर्फाचं पाणी. सकाळी घोट्याएवढा असलेला ओढा ऊन चढलं की दुपारी मांडीपर्यंत येतो, गढूळ आणि बधिर करणारा. त्यामुळे रोज उजाडताच निघायचं आणि ओढे दुपारच्या आत पार करायचे. उशीर झाला तर अलीकडेच तंबू ठोकायचा. यावर मी हटणार नाही. 2010 च्या ऑगस्टमधली लेहची ढगफुटी आठवते ना? म्हणूनच सप्टेंबर म्हणतोय. तोवर पाणीही ओसरलेलं असतं. घरचा पाच दिवसांचा गणपती झाला की निघू.

गॅसची नळकांडी विमानात नेता येत नाहीत, लेहला घेऊ. तुझं सिम प्रीपेड असेल तर तिथे चालणार नाही. पोस्टपेड करून घे, काकूंना काळजी नको.

शनिवारी मुक्कामाला ये. सॅक भरूनच आण, रविवारी पहाटे साडेपाचला आतकरवाडीत असू.

काकूंना नमस्कार.

तुझा,
मिलिंद