नुसतं चालून भागत नाही, पायात ताकद हवी

संपादक साहेब, नमस्कार.

तुमच्या पेपरात ज्येष्ठांच्या तब्येतीबद्दल बरंच छापून येतं, मी ते नेमाने वाचते, पण दर वेळी सल्ला एकच, सकाळी उठून चाला. चालणं चांगलंच आहे, मीही चालते, आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातले बहुतेक सगळे चालतात. तरी आमच्यातली माणसं पडतात. कोणी बाथरूममध्ये, कोणी रात्री लघवीला उठल्यावर, कोणी उंबऱ्याला पाय अडखळून. एकदा खुब्याचं हाड मोडलं की ऑपरेशन, मग वॉकर, आणि त्यानंतर कितीतरी जण पहिल्यासारखे घराबाहेर पडतच नाहीत. हे बघवत नाही म्हणून लिहायला बसले.

तिशीनंतर आपले स्नायू हळूहळू झिजत जातात, दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के, आणि साठीनंतर तर हे आणखी भराभर होतं. सपाट रस्त्यावर फेऱ्या मारून ही झीज पुरेशी थांबत नाही, कारण खुर्चीतून उठायला, जिना चढायला, तोल गेला तर झटकन पाय पुढे टाकून सावरायला जी ताकद लागते ती मांड्यांची आणि कंबरेखालची, आणि ती टिकवायची तर त्या स्नायूंवर भार पडावाच लागतो, निदान स्वतःच्या शरीराचा तरी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांमध्ये ६५ च्या पुढच्यांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगितलाय, तेवढं सगळ्यांना पाठ आहे. पण त्याच सूचनांमध्ये आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंचा व्यायाम आणि किमान ३ दिवस तोल आणि ताकद यांचा व्यायाम हेही आहे, ते मात्र कोणी सांगत नाही.

रोज १० हजार पावलं चालायच्या सल्ल्याचंही तेच. हा आकडा १९६० च्या दशकात जपानमध्ये पावलं मोजायच्या यंत्राबरोबर पसरला, कुठल्या डॉक्टरने तपासून ठरवलेला नव्हता. २०२२ साली लॅन्सेट पब्लिक हेल्थ या वैद्यकीय नियतकालिकात बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष आला, त्यात साठीपुढच्या लोकांना मिळणारा फायदा ६ ते ८ हजार पावलांच्या आसपास येऊन थांबतो असं दिसलं. म्हणजे मोबाईलमधला आकडा पूर्ण करायला दुखऱ्या गुडघ्यांनी आणखी चार फेऱ्या मारण्यापेक्षा तीच पंधरा मिनिटं ताकदीच्या व्यायामाला दिलेली कितीतरी बरी.

आता या वयात कसली ताकद येणार, असं पुष्कळ जण म्हणतात. त्यांच्यासाठी सांगते, १९९० साली अमेरिकेत बोस्टनला वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या लोकांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली ८ आठवडे पायांनी वजन उचलायला लावलं होतं. मोजकीच माणसं होती, पण त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत हे होतं तर सत्तरीत का नाही होणार?

याला जिम लागत नाही. चाकं नसलेली भक्कम खुर्ची भिंतीला टेकवून ठेवायची, हात छातीवर घ्यायचे आणि उठायचं, बसायचं, परत उठायचं. फिजिओथेरपिस्ट हीच परीक्षा ३० सेकंद लावून घेतात, सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या बाईला १० पेक्षा कमी वेळा आणि पुरुषाला १२ पेक्षा कमी वेळा उठता आलं तर पडण्याचा धोका जास्त समजतात. ओटा धरून टाचा वर करणं, ओट्याजवळच एका पायावर उभं राहणं, हे भाजी शिजेपर्यंत होऊन जातं. पूर्वी जेवायला पाटावर बसणं, जमिनीवर भाजी निवडणं यातच दिवसभर उठबस व्हायची, आता डायनिंग टेबल, सोफा, कमोड, जमिनीचा संबंधच सुटला. ज्यांचे गुडघे चांगले आहेत त्यांनी दिवसातून एकदा तरी खाली बसून उठावं. ज्यांचे गुडघे झिजलेत किंवा बदललेत त्यांनी मात्र आधी विचारून घ्यावं, उगाच जोर करू नये.

खाण्याचंही बघायला हवं. आमच्या वयाच्या बायकांचं रात्रीचं जेवण म्हणजे दूधभात, नाहीतर चहा-बिस्कीट, वर आठवड्यातून दोन उपास. साठ किलो वजनाच्या म्हाताऱ्या माणसाला दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रोटीन लागतं, आणि वाटीभर वरणातून ५-६ ग्रॅमच मिळतं, कपभर दुधातून तेवढंच. डाळ, उसळ, दही, पनीर, चालत असेल तर अंडं, हे दोन्ही वेळच्या जेवणात हवं. किडनीचा त्रास असेल तर अर्थात डॉक्टर सांगतील तेवढंच.

बीपीच्या आणि झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी रात्री एकदम उठू नये, आधी पलंगाच्या काठावर मिनिटभर बसावं. हे डॉक्टरांनीच सांगायला पाहिजे.

मुलांना, सुनांना मनापासून एक सांगायचंय. आई एकदा पडली की तुम्ही तिला म्हणता, तू बस, आम्ही करतो. प्रेमानेच म्हणता, माहीत आहे. पण बसवून ठेवलेल्या माणसाचे पाय आणखी कमजोर होतात, मग ती पुन्हा पडते, मग तुम्ही तिला आणखी बसवता. त्यापेक्षा बाथरूममध्ये भिंतीला दांडा बसवून द्या, रात्रीचा दिवा लावून द्या, गुळगुळीत स्लिपर बदलून द्या, आणि तिला तिची कामं करू द्या.

महापालिका बागांमध्ये ओपन जिम लावतात, त्यातली बरीचशी यंत्रं नुसती झुलवायची, त्याने ताकद फारशी वाढत नाही. त्याऐवजी हात टेकता येतील असे बाक आणि धरून तोलाचा व्यायाम करायला कंबरेएवढं रेलिंग दिलं तर खर्चही कमी येईल. नगरसेवकांनी हे मनावर घ्यावं, आणि संघांनीही वाढदिवस, सहली, व्याख्यानं यांच्या जोडीला महिन्यातून एक सकाळ फिजिओथेरपिस्टला बोलवावं.

तुम्हाला विनंती एवढीच की आरोग्य पुरवणीत दर आठवड्याला एक व्यायाम चित्रासकट छापा, अक्षर मोठं ठेवा आणि कोणी करू नये तेही लिहा. आमच्या संघाच्या फळ्यावर ते कात्रण लावायचं आणि सगळ्यांकडून करून घ्यायचं काम माझ्याकडे लागलं.

आपली नम्र,
एक ज्येष्ठ वाचक