मोतीबिंदूआधी प्रोस्टेटची गोळी सांगा

महोदय,

मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेपूर्वी रक्तदाब-मधुमेहाच्या गोळ्या सगळे सांगतात. लघवीसाठी घेतलेली टॅमसुलोसिन मात्र राहून जाते. ही गोळी प्रोस्टेटबरोबर बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याचा स्नायूही सैल करते. मग थेंब घालूनही बाहुली पुरेशी मोठी होत नाही, ऐन शस्त्रक्रियेत आकसते. सैल पडदा शस्त्रक्रियेत डोळ्यात सोडलेल्या पाण्याच्या प्रवाहात फडफडत छेदातून बाहेर येऊ पाहतो. अमेरिकेत २००५ साली हे प्रथम नोंदवले गेले.

आठवडाभर गोळी बंद ठेवून हे टळेलच असे नाही, पूर्वी सोडलेलीही त्रास देऊ शकते. परस्पर थांबवली तर लघवी तुंबण्याची भीती, ती वेगळीच. आधी कळले तर सर्जन बाहुली मोठी करणाऱ्या फिनाइलएफ्रिन या औषधाचे इंजेक्शन, बाहुली ताणून धरणारे हूक किंवा रिंग तयार ठेवतात. मुतखड्यासाठी ही गोळी घेतलेल्या स्त्रियांनीही सांगावे. नाव आठवत नसेल तर गोळ्यांची रिकामी पट्टीच दाखवावी.

– एक नेत्रतज्ज्ञ, पुणे