ग्लोबल अफेअर्स घ्यायचं म्हणतोस, तर…

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. ग्लोबल अफेअर्समध्ये, म्हणजे जागतिक घडामोडींच्या अभ्यासात, पदवी घ्यावी असं तुला वाटतंय आणि घरचे विचारतात, "थोडं अर्थशास्त्र, थोडा इतिहास, थोडा कायदा; शेवटी हातात काय राहणार?" त्यांची काळजी रास्त आहे. मी हेच शिकतोय, तेव्हा मला जे दिसतं ते मोकळेपणाने लिहितो.

अभ्यासक्रमातली विषयांची यादी वाचत बसलास तर घरच्यांचंच म्हणणं पटेल. त्यापेक्षा एखादा प्रश्न समोर ठेव. मी प्रबंधासाठी मध्य आशियातलं अरल समुद्र नावाचं सरोवर घेतलंय आणि सध्या डोक्यात दुसरं काही नाही.

1960 च्या सुमारास ते जगातलं चौथ्या क्रमांकाचं मोठं सरोवर होतं. सोव्हिएत सरकारने कापसासाठी अमू दर्या आणि सिर दर्या या दोन नद्यांचं पाणी कालव्यांत वळवलं आणि सरोवर आटत गेलं. उझबेकिस्तानातलं, दक्षिण काठावरचं मुयनाक हे एकेकाळचं मासेमारीचं बंदर. तिथली जहाजं आज वाळूत गंजत उभी आहेत. उघड्या पडलेल्या तळावरची मीठ आणि कीटकनाशकं मिसळलेली धूळ वाऱ्याबरोबर वस्त्यांत जाते. म्हणजे सुरुवात शेतीच्या धोरणापासून केली तरी आपण आरोग्यापर्यंत येऊन पोचतो.

पण मला धरून ठेवतो तो 1991 मध्ये सोव्हिएत संघ फुटल्यानंतरचा पेच. आधी सिर दर्याच्या उगमाकडच्या, किर्गिझस्तानातल्या तोक्तोगुल धरणातून उन्हाळ्यात खालच्या शेतीसाठी पाणी सोडलं जायचं आणि त्याच्या बदल्यात हिवाळ्यासाठी खालच्या प्रजासत्ताकांकडून कोळसा नि गॅस वर यायचा. हिशेब मॉस्कोच्या हातात होता. देश वेगळे झाले तसं इंधन बाजारभावाने विकत घ्यावं लागू लागलं, पाणी मात्र फुकटच राहिलं. 1992 मध्ये मध्य आशियातल्या पाच देशांनी पाण्याचे जुनेच वाटे कायम ठेवले; इंधनाची हमी त्या करारात नव्हती. मग किर्गिझस्तानने थंडीत वीज करण्यासाठी पाणी सोडायला सुरुवात केली. खालच्या बाजूला हिवाळ्यात पूर, उन्हाळ्यात पाण्याची ओरड! नुसता करार वाचणाऱ्याला वाटेल की वाटणी ठरलेली आहे, मग भांडण कशाचं? नुसते विजेचे आकडे बघणाऱ्याला कापूस दिसणारच नाही. आणि सोव्हिएत इतिहास माहीत नसेल तर ही व्यवस्था मुळात कोणी, का बसवली हेच कळत नाही.

2005 मध्ये कझाकस्तानने जागतिक बँकेच्या मदतीने सरोवराचा उत्तर भाग दक्षिणेपासून वेगळा करणारं कोक-अरल धरण पूर्ण केलं. उत्तरेकडचं पाणी वाढलं, मासे परत आले, पण दक्षिणेकडे जाणारं पाणी अडलं. माझ्या मते जे वाचवता येत होतं ते वाचवलं हे योग्यच झालं. पण मुयनाकच्या माणसाला हे पटवून द्यायचं धाडस माझ्यात नाही. त्यातच अफगाणिस्तान अमू दर्यावरून कोश तेपा कालवा खणतोय आणि तो देश 1992 च्या करारात सहभागीच नव्हता.

आता धोक्याचं. या पदवीत पाच-सहा विषयांचे प्राथमिक वर्ग करून माणूस खरंच पोकळ राहू शकतो, मी असे लोक पाहिलेत. म्हणून एक पाय घट्ट रोव. संख्याशास्त्र घे किंवा एखादी भाषा घे, पण ती शेवटच्या वर्षापर्यंत सोडू नकोस. मी रशियन धरली, कारण या भागातले जुने कागद त्याच भाषेत आहेत. तू आकड्यांत रमणारा. तू संख्याशास्त्र आणि व्यापाराच्या अर्थशास्त्राकडे जावंस असं मला मनापासून वाटतं. प्रवेश घेण्याआधी एवढं नक्की विचार: शेवटी प्रबंध लिहायला लावतात का, आणि त्याला दोन वेगळ्या शाखांचे मार्गदर्शक मिळतात का? नसतील तर त्या जागी जाऊ नकोस.

नोकरीबद्दल पुढच्या पत्रात लिहीन, तो वेगळा विषय आहे. घरच्यांसाठी एक गोष्ट मात्र सांगून ठेव: पहिल्या महायुद्धानंतर, 1919 मध्ये, वेल्समधल्या ॲबरिस्टविथ इथे आंतरराष्ट्रीय राजकारणाचं पहिलं अध्यासन सुरू झालं, ते असं युद्ध पुन्हा कसं टाळता येईल याचा शोध घेण्यासाठी. हा अभ्यास कालपरवाची टूम नाही.

तुला छळणारा एखादा प्रश्न आहे का? असला तर तो लिहून पाठव. त्यासाठी कोणते विषय लागतील ते आपण दोघं मिळून ठरवू.

तुझाच,
जुना सोबती