टेल लाइट बसवून देणाऱ्या ताईंना

आदरणीय ताई,

सप्रेम नमस्कार.

विमानाचा टेल लाइट बसला. रडर, म्हणजे विमान डावी-उजवीकडे वळवणारा शेपटाचा हलता भाग, हलवून पाहिला, दिव्यावर बोटांनी ठोकून पाहिलं, कुठे खटखट नाही. फोनवर हे सांगून झालंय, पण आभार नीट मानायचे राहिले होते. पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितोय. स्वतःचं विमान स्वतः बांधणारे आम्ही लोक इंजिन, प्रोपेलर आणि पॅनेलवर तासन्‌तास बोलू शकतो. शेपटाच्या टोकाला दिवा कसा बसवायचा असं विचारलं, की मात्र "दोन स्क्रू मारायचे, झालं" यापलीकडे उत्तर मिळत नाही.

दिव्याच्या खोक्यातही स्वतःच आटे पाडत जाणारे दोन स्क्रू होतेच. रडरच्या खालच्या टोकाला फायबरग्लासची टोपी, आणि तिच्या मागच्या तोंडावर दिवा. तुम्ही ती टोपी हातात घेतलीत, कड अंगठ्याने दाबून पाहिलीत आणि विचारलंत, "हे स्क्रू धरणार कशाला?"

खरंच, धरायला काहीच नव्हतं. पातळ फायबरग्लासमध्ये स्क्रूचे जेमतेम एक-दोन आटे पकडतात, आणि तेही काचेचे तंतू चिकटवून धरणाऱ्या ठिसूळ रेझिनमध्ये. बसवताना घट्ट वाटतं. पण शेपटावर प्रोपेलरने मागे फेकलेली हवा सतत आदळत असते. त्या कंपनाने रेझिनचा हळूहळू चुरा होतो, भोक मोठं होतं आणि स्क्रू नुसता गरागरा फिरायला लागतो. मागून नट लावावा म्हटलं, तर टोपी एकदा रडरला जोडली की आत हात जात नाही. म्हणून तुम्ही नटप्लेट सुचवल्यात: पत्र्याला रिव्हेटने, म्हणजे दाबून फुगवलेल्या खिळ्याने, कायमची जोडलेली नट, जी मागून पान्याने धरावी लागत नाही.

नटप्लेट थेट फायबरग्लासलाच रिव्हेट करणारे पुष्कळ आहेत. तुमचं त्यावरचं मत मला मनापासून पटलं. दाबताना रिव्हेट भोकात फुगतो. अ‍ॅल्युमिनियम ते सहन करतं, फायबरग्लासला मात्र बारीक चिरा जाऊ शकतात. तुम्ही सुमारे 0.8 मिलिमीटर जाडीची अ‍ॅल्युमिनियमची पट्टी कापलीत, नटप्लेट तिच्यावर 3/32 इंची रिव्हेटनी बसवल्यात आणि रिव्हेटची डोकी पट्टीच्या पृष्ठाशी सपाट ठेवलीत. भोकाचा मध्य कडेपासून निदान रिव्हेटच्या दोन व्यासांएवढा आत हवा, हे तुम्ही मोजून दाखवलंत. मग ती अख्खी पट्टी टोपीच्या आतून इपॉक्सीने चिकटवायची.

चिकटवायच्या आधीचा तुमचा घासण्याचा उरक बघण्यासारखा होता. टोपीच्या आतली चकाकी 80 नंबरच्या सँडपेपरने पार घालवली. पट्टीही घासली, पुसली आणि लगेच इपॉक्सी लावलं, कारण घासलेल्या अ‍ॅल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर धरायला वेळ लागत नाही. इपॉक्सीत सुती तंतूंचा भुगा मिसळून श्रीखंडाइतकं घट्ट केलंत. भरावासाठी वापरतात ती हलकी काचेची पोकळ भुकटी हातात होती, ती मात्र बाजूला ठेवायला लावलीत. ती घासायला सोपी, पण ताकदीची नाही. स्क्रूंना मेण चोळून ते बाहेरून नटप्लेटमध्ये हलकेच आवळले. त्यामुळे पट्टी भोकांशी बरोबर जुळून राहिली आणि आट्यांत इपॉक्सी शिरलं नाही. सुकल्यावर स्क्रू सुटसुटीत निघाले, तेव्हा मला झालेला आनंद जरा जास्तच होता.

स्क्रू सैल होऊ नयेत म्हणून आट्यांना लावायचं ते द्रव लॉकिंग मी कपाटातून काढत होतो, तेही तुम्ही थांबवलंत. नटप्लेटचं तोंड मुद्दाम किंचित चेपलेलं असतं, स्क्रू तिथेच अडकून राहतो. शिवाय ते द्रव दिव्याच्या पॉलिकार्बोनेट प्लास्टिकच्या लेन्सला लागलं तर तिला तडे जाऊ शकतात.

एवढ्यावर तुम्ही निघाला असतात तरी मी ऋणी राहिलो असतो. पण तुम्ही वजनकाटा मागितलात. दिवा, स्क्रू, पट्टी, रडरमधली वायर, सगळं काट्यावर चढवलंत. मला वाटलं, एवढ्याशा दिव्याचं काय वजन करायचं! तुम्ही कागदावर उदाहरण मांडलंत: 60 ग्रॅमचा दिवा बिजागरीच्या रेषेमागे 50 सेंटिमीटरवर असेल, तर त्याला तोलायला रेषेच्या पुढे 25 सेंटिमीटरवर 120 ग्रॅम लागतील. रडरचं वजन मागे झुकलं आणि शेपूट बाजूला हललं, की मागची जड बाजू रेंगाळते, रडर वळतो, आणि हवा त्याच हेलकाव्याला आणखी जोर देते. एका वेगाच्या पुढे हे थांबत नाही. हाच फ्लटर, आणि त्यात रडर काही क्षणांत तुटून जाऊ शकतो. तोल किती हवा ते त्या त्या विमानाच्या आराखड्याने ठरतं, आणि रंगाचंही वजन असतं, म्हणून शेवटचा तोल रंग दिल्यानंतरच तपासायचा. दिवा घट्ट बसवणं मी कुठूनही शिकलो असतो, ताई. दिवा बसवला म्हणजे आपण रडरच बदलला, हे दुसऱ्या कोणी सांगितलं नसतं.

वायरचं थोडक्यात लिहितो. फायबरग्लासमधून वीज वाहत नाही, त्यामुळे परतीची वायर वेगळी ओढली. रडरमध्ये शिरताना वायर बिजागरीच्या रेषेला शक्य तितकी लगटून नेली, म्हणजे ती ताणली न जाता नुसती पिळली जाते. दोन्ही बाजूंना वायर धरून ठेवणारे पट्टे, भोकाला रबरी कडं (ग्रोमेट), आणि दिवा काढल्यावर कनेक्टर बाहेर येईल एवढी सैल लांबी. रडर डावीकडे-उजवीकडे पूर्ण फिरवून पाहिला, वायर कुठे घासत नाही. टोपीच्या तळाशी पाणी निघायला बारीक भोकही ठेवलंय.

दिवा आत खुपसून बसवला असता तर दिसायला देखणा झाला असता, हे माझं मत अजून कायम आहे. पण मागचा पांढरा दिवा दोन्ही बाजूंना 70-70 अंशांपर्यंत दिसला पाहिजे, आणि कडेची सावली त्यात आली असती. तेव्हा देखणेपणा राहू दे.

आता पंखांच्या टोकांचे दिवे राहिलेत, डावीकडचा लाल आणि उजवीकडचा हिरवा. त्या टोप्या कार्बन फायबरच्या आहेत. अ‍ॅल्युमिनियम कार्बनला थेट टेकलं तर गंजतं, मध्ये काचेच्या कापडाचा थर घालायचा, हे तुम्ही जाता जाता सांगितलं होतंत. पट्ट्या कापून ठेवल्यात, कापडही आणलंय. एकच थर पुरेल की दोन लावू, तेवढं कळवा. आणि तुम्हाला कधी सवड आहे तेही.

तुमचा ऋणी,
रडरवाला