रापी कोणाच्या हाती द्यायची?

स्टुटगार्ट,
दि. १२ ऑक्टोबर २०२५

तीर्थरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

रविवारी फोनवर बोलणे झाले, तरी हे पत्र मुद्दाम लिहीत आहे, कारण हा विषय काढला की तुम्ही "बरं, जेवलास का?" म्हणून तो बाजूला सारता.

तुम्ही दिलेल्या कापशी घाटाच्या कोल्हापुरी जोडातल्या उजव्या चपलेचा अंगठा मागच्या महिन्यात निघाला, म्हणून घराजवळच्या एका म्हाताऱ्या जोडे शिवणाऱ्या कारागिराकडे ती घेऊन गेलो. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, चप्पल उलटी करून तळावर नख फिरवले आणि खिळे कुठे आहेत असे विचारले. एकही खिळा नाही, सगळी शिवण कातड्याच्या वादीची आहे, असे मी ऐटीत सांगितले. मग ती वादी कशी काढतात आणि तळातून कशी ओवतात, हे त्यांनी विचारले आणि माझी बोलती बंद झाली. कोल्हापूरच्या सुभाषनगरात कातड्याच्या वासात वाढलेल्या मला एवढेच आठवले, की तुम्ही भिजवलेला तळ फरशीवर ठोकत असायचा आणि मी शेजारी गृहपाठ करत असायचो.

कातडे कापायच्या रापीला तुम्ही मला हात लावू दिला नाही तो जाणूनबुजून, हे मी जाणतो. "शाहू महाराजांनी १९०२ साली नोकऱ्यांत पन्नास टक्के जागा राखल्या, त्या काय पोरांनी पुन्हा कातडंच कापावं म्हणून?" असे तुम्ही म्हणायचा, आणि त्यात चूक काहीच नव्हते. हा धंदा आपण निवडलेला नव्हता, तो जातीने कपाळी मारलेला होता. म्हणूनच ज्यांनी कधी आपल्या घरचे पाणी प्यायले नाही ते लोक परंपरा जपण्याचा उपदेश करू लागले की तुम्हाला येणारा राग मलाही येतो.

तरीही त्या दुकानात एक गोष्ट पाहिली ती डोक्यातून जात नाही. तिथे एकोणीस वर्षांची एक मुलगी शिकायला आहे. तिच्या घरात कोणी कधी जोडे शिवलेले नाहीत. शिक्षण तीन वर्षांचे, काही दिवस दुकानात आणि काही दिवस शाळेत. शिकताना दरमहा पैसे मिळतात, आणि २०२० पासून त्याची किमान रक्कम कायद्यानेच ठरवलेली आहे. ती बिघडवते ते कातडे दुकानाच्या खर्चात धरलेले असते. आपल्याकडे नेमके इथेच अडते. पाठीचे घट्ट कातडे तळाला लावायचे आणि पोटाकडचे सैल कातडे दुसरीकडे वापरायचे, ही नजर बिघडवल्याशिवाय येत नाही, आणि म्हशीचे कातडे बिघडवणे तुम्हाला परवडत नाही.

आजोबा कातड्याची पिशवी शिवून तीत बाभळीच्या सालीचे आणि हिरड्याचे पाणी भरत आणि कातडे घरीच कमावत. तुम्ही तयार कातडे आणू लागलात, तेव्हा ते काम आपल्या घरातून गेले. आता कापणे जाण्याची पाळी आहे. २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले, आणि कोल्हापुरी हे नाव कायद्याने राखले गेले. यंदा जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये आपल्यासारखीच चप्पल झळकली तेव्हा गावभर गहजब झाला. तुम्ही मात्र हातातला जोड पुरा केल्यावरच पेपर उघडलात, असे आईने सांगितले. पण तो जोड उद्या कापणार कोण, हे त्या मानांकनात लिहिलेले नाही.

आईची आठवण याच संदर्भात येते. दुपारची भांडी आवरून ती उंबऱ्याशी बसायची, वादीचे टोक पायाच्या अंगठ्यात धरायची आणि शेजारणीशी बोलता बोलता, खाली न पाहता, वेणी विणत जायची. बोटे थांबायची ती फक्त वादी संपली की. हिशेबाच्या वहीत मात्र मजुरी लिहिली जायची ती एकट्या तुमची. वेणी आणि गोंडे बायकांनी करायचे, रापी पुरुषाने धरायची, हे कोणी ठरवले, आबा? आक्काची थोरली दर सुट्टीत तुमच्या पाटाशी येऊन बसते आणि तुम्ही तिला "जा, आईला मदत कर" म्हणून उठवता, हेही मला कळले आहे.

माझी विनंती एवढीच आहे, की तिला रोज सकाळी दोन तास शिकवा. या महिन्यापासून मी थोडे जास्त पैसे पाठवतो. ते घरखर्चात न घालता तिच्या हातून वाया जाणाऱ्या कातड्यासाठी आणि तिच्या महिन्याच्या पगारासाठी वेगळे ठेवा. पगार हा शब्द ऐकून तुम्ही हसाल, पण द्या. आईच्या वेणीचाही वेगळा आकडा वहीत लिहा.

सोबत कागदावर माझ्या दोन्ही पायांची रेघ काढून पाठवत आहे. थोरलीने कापलेल्या पहिल्या तळाचा जोड माझ्यासाठी करा, कड वाकडी आली तरी चालेल. डावा पाय किंचित मोठा आहे, तेवढे तिला सांगा. इथल्या म्हाताऱ्यांनी अंगठा दोऱ्याने शिवून दिला आहे, पण चालताना तो टोचतो.

सौ. आईस साष्टांग नमस्कार, आक्कास नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला आज्ञाधारक,
धाकटा